कानाशी आलेला आवाज

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाचे संगीत गेल्या शंभर वर्षांत सारखे लहान होत आले आहे. लहान झाली ती अर्थात त्याची रसिकता नव्हे, त्याचे सामान. कर्ण्याचा ग्रामोफोन गेला, रेडिओग्रामचे कपाट गेले, कॅसेटांची पेटी गेली. आणि आज बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे अभंगापासून ख्यालापर्यंतचा सारा संग्रह मोबाइलच्या पोटात घालून गृहस्थ आगगाडीत बसतो. सरकारी निवासस्थानाच्या भिंती पातळ, शेजार परभाषी, आणि ऐकण्याची वेळ बहुधा रात्रीची. तेव्हा हेडफोन ओघानेच येतो. त्या हेडफोनच्या आणि मोबाइलच्या मध्ये बसवायचे काडेपेटीएवढे एक यंत्र अलीकडे बाजारात आले आहे. त्याची किंमत हजार रुपयांच्या आतबाहेरपासून कित्येक हजारांपर्यंत जाते. ह्यांतले कोणते घ्यावे, की मुळीच घेऊ नये, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांना पडत असेल. आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींपेक्षा इतिहासात अधिक सुबोधपणे सापडते.

प्रथम यंत्राचे काम पाहू. मोबाइलमध्ये संगीत असते ते आकड्यांच्या रूपाने. कानाला मात्र हवेच्या कंपाखेरीज दुसरी भाषा कळत नाही. म्हणून आकड्यांची विद्युत्-लहर करणे हे पहिले काम. ते करणाऱ्या परिवर्तकाला बाजारात ‘डॅक’ म्हणतात. ही लहर दुबळी असते. हेडफोनमधला पडदा हलविण्याइतके बळ तिला देणे हे दुसरे काम, आणि ते अँप्लिफायरचे. ही दोन कामे करणारे भाग मोबाइलमध्ये व संगणकात असतातच. वेगळे यंत्र तीच कामे बाहेर पुन्हा करते. तेव्हा खरा प्रश्न असा, की ही कामे किती अवघड आहेत, आणि ती नीट करण्याची विद्या माणसाला केव्हा साधली?

मौज अशी की कानाला लावून ऐकण्याची कला अँप्लिफायरच्या आधीची आहे. बेलचा टेलिफोन १८७६ चा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत्-प्रदर्शनात, क्लेमाँ आदेर ह्या अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ठेवलेल्या यंत्रांतून गाणे तारेने आणून प्रेक्षकांना ऐकविले. दोन कानांना दोन वेगळ्या श्रवणिका होत्या, त्यामुळे गाणारा रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकल्याचेही ऐकणाऱ्यांना जाणवे. ह्यातूनच १८९० मध्ये ‘तेआत्रोफोन’ नावाची वर्गणीदारांची कंपनी निघाली आणि १९३२ पर्यंत ती चालली. मार्सेल प्रूस्तसारखा कादंबरीकार आजारपणामुळे घरी बसून ह्याच तारेवर ऑपेरा ऐके.

अमेरिकेत यूटा राज्यातील नेथॅनियल बाल्डविनने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून तेथील नौदलाला विकले. त्यांचा गुण एवढाच, की अत्यंत क्षीण संदेशही त्यांतून ऐकू येई. पुढे स्फटिकाच्या रेडिओवर ऐकणारांनाही असेच हेडफोन लागत. त्या रेडिओला ना दिवा ना बॅटरी. हवेतून आलेली तेवढी शक्ती हीच त्याची पुंजी. तेव्हा हेडफोनमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे घालीत आणि त्यांचा रोध दोन हजार ओहमच्या घरात नेत, म्हणजे तुटपुंज्या प्रवाहातही पडदा हले. अँप्लिफायरच नव्हता, म्हणून देणारा आणि घेणारा ह्यांचा मेळ घालणे एवढाच उपाय त्या लोकांपाशी होता. हा धडा पुढे कामास येणार आहे.

अँप्लिफायरचा उगम १९०६ साली ली डी फॉरेस्टने केलेल्या तीन अग्रांच्या निर्वात नळीत आहे. ह्या नळीने आवाज मोठा केला, पण त्याबरोबर तो बिघडविलाही. लांबच्या टेलिफोनच्या तारेवर एकामागून एक वर्धक बसविले की प्रत्येकाचा दोष पुढच्याच्या दोषात मिळे आणि अखेरीस बोलणे ओळखू येईनासे होई. ह्यावरचा तोडगा बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक ह्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदीच्या नावेत सुचला, आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून घेतला. वर्धकातून बाहेर पडणाऱ्या लहरीचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. म्हणजे आत आले ते आणि बाहेर गेले ते ह्यांतील फरक, तोच दोष, आपोआप वजा होतो. बळ कमी मिळते, शुद्धता पुष्कळ मिळते. ऋण प्रतिपोषण म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती आज बहुतेक सर्व अँप्लिफायरांत आहे. ब्लॅकने पेटंटसाठी अर्ज केला १९२८ त, आणि ते त्याला मिळाले १९३७ च्या डिसेंबरात. एखादे प्रकरण कचेरीत नऊ वर्षे पडून राहिले ह्याचे आमच्या वाचकांना, निदान त्यांच्यातील जुन्या सेवकांना, फारसे नवल वाटू नये.

हे १९३७ साल आपल्या विषयात मोठे विलक्षण आहे. अँप्लिफायर शुद्ध करणाऱ्या युक्तीवर त्या वर्षी शिक्कामोर्तब झाले. त्याच वर्षी जर्मनीत ऑयगेन बायर ह्याच्या कारखान्याने चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, आजच्या बहुसंख्य हेडफोनांचा पूर्वज म्हणता येईल असा, हेडफोन बाजारात आणला. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज अभियंत्याला आवाजाचे आकडे करण्याची कल्पना सुचली. अँप्लिफायर, हेडफोन आणि परिवर्तक ह्या तिन्हींची बीजे अशी एका वर्षात येऊन भेटतात. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास आणखी एक नोंद करावी लागते. मिरजेस स्थायिक झालेले किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ ह्याच साली पाँडिचेरीकडे प्रवास करीत असता वाटेतल्या एका लहानशा स्थानकावर निवर्तले. त्यांचे गाणे ज्या तबकड्यांत उरले, त्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची होती. ह्या तबकड्यांकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

रीव्ह्जचा विचार असा होता. लहर तारेने पाठविली तर वाटेतली खरखर तिला चिकटते आणि मग निवडता येत नाही. पण लहरीची उंची दर क्षणाला मोजून तो आकडाच पाठविला, तर वाटेत कितीही खरखर मिसळो, आकडा वाचता आला की मूळ लहर पुन्हा शुद्ध उभी करता येते. किती वेळा मोजावे, ह्याचे गणित नायक्विस्टच्या १९२८ च्या निबंधात सूचित झाले होते आणि शॅननने ते १९४९ मध्ये नीट मांडले: ऐकावयाच्या सर्वांत उंच स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, म्हणजे मधले काही हरवत नाही. नळ्यांच्या काळात हे यंत्र फार अवजड व खर्चाचे होते. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला, आणि नंतरच ही कल्पना सामान्य वापरात उतरू शकली.

संगीताच्या वाट्याला ती आली १९८२ च्या ऑक्टोबरात, सोनी आणि फिलिप्स ह्यांच्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपाने. तीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. ४४,१०० हा आकडा वाचून कित्येकांना त्यात काही गूढ वाटते. वास्तविक तो कारकुनी हिशेब आहे. आरंभी हे आकडे साठविण्यास दूरचित्रवाणीच्या चित्रफिती वापरीत. चित्राच्या एका क्षेत्रात उपयोगी अशा २४५ ओळी, प्रत्येक ओळीत तीन मापे, आणि सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार करावा, ४४,१०० येतात. जेथे सेकंदाला ५० क्षेत्रे आणि उपयोगी ओळी २९४, तेथेही गुणाकार तोच. तरुण, निरोगी कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट चाळीस हजार. म्हणजे चित्रफितीच्या सोयीने ठरलेला आकडा कानालाही पुरून उरला.

परिवर्तकाची अडचण त्या वेळी खरी होती. १६ अंकी मापे अचूक वाचणारी चिप स्वस्तात करणे अवघड होते. फिलिप्सपाशी १४ अंकी चिप होती. तेथील अभियंत्यांनी प्रत्येक दोन मापांमध्ये गणिताने आणखी मापे भरून वेग चौपट केला आणि १४ अंकी चिपकडून १६ अंकांचे काम करून घेतले. हीच वाट पुढे रुंद होत गेली. आज काही रुपयांच्या चिपमध्येही जी अचूकता असते, ती त्या काळच्या अभियंत्यांना हेवा वाटावा अशी आहे.

‘तर मग आजच्या यंत्रांवर छापलेले ३८४ हजार आणि ७६८ हजार हे आकडे कशासाठी?’ असे कोणी विचारील. बोस्टनच्या परिसरातील मायर आणि मोरान ह्या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रतीचे मुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापातून गाळून श्रोत्यांना ऐकविले. ५५४ चाचण्यांत बरोबर ओळख पटली २७६ वेळा. नाणे उडवून ह्याहून फारसे वाईट उत्तर आले नसते. न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या जोशुआ रीस ह्यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के भरले आणि शिकविलेले कान थोडे अधिक यशस्वी ठरले. म्हणजे भेद असलाच तर तो इतका बारीक आहे, की प्रवासात अथवा पंख्याखाली ऐकणाऱ्याने त्यासाठी पगारातले पैसे वेचावेत असे आम्हांस वाटत नाही.

मग वेगळ्या यंत्राची गरज निर्माण तरी कशी झाली? त्याचे मूळ खिशातल्या यंत्रांच्या काटकसरीत आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनीने वॉकमन विकावयास काढला, तेव्हा त्यासोबतचा हेडफोन सुमारे ४५ ग्रॅमचा आणि थोडक्या शक्तीवर वाजणारा होता. पुढे खिशातले डिस्कप्लेयर आले; बॅटरी वाचविण्यासाठी त्यांतले अँप्लिफायर दुबळे ठेवलेले असत. दुसरीकडे घरी बसून ऐकण्याचे ३०० ओहमचे उत्तम हेडफोन निघाले. हे दोन एकत्र आणले की आवाज बसे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय ह्या हौशी गृहस्थाने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँप्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी पेपरमिंटच्या रिकाम्या डब्यांत तो बसवून घेतला. नंतर २०१६ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोनमधील हेडफोनचे सॉकेट काढून टाकले, इतरही अनेकांनी तीच वाट धरली, आणि परिवर्तक व अँप्लिफायर बाहेर वागविणे ही हौस न राहता पुष्कळांची गरज झाली.

हा इतिहास ध्यानात ठेवून निवड कशी करावी, ते आता सांगतो. निवडीचा आरंभ हेडफोनापासून करावा. तो बिनतारी असेल, तर परिवर्तक आणि अँप्लिफायर त्याच्याच पोटात असतात. बाहेरचे यंत्र तेथे निरुपयोगी होय. तो तारेचा असेल तर त्यावर दोन आकडे पाहावेत: ओहममधील अवरोध, आणि एक मिलिवॅट शक्तीत तो किती डेसिबेल आवाज देतो तो आकडा. ३२ ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॅट मिळण्यास सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतात; ३०० ओहमच्यास सुमारे ०.५५ लागतात. समजा हा दुसरा हेडफोन एक मिलिवॅटला ९७ डेसिबेल देतो. एक व्होल्ट देणारे, बोटाच्या पेराएवढे, स्वस्तातले यंत्र त्याला ३.३ मिलिवॅट देईल, म्हणजे १०२ डेसिबेल. दोन व्होल्टांचे यंत्र १०८. एवढ्याने बहुतेकांचे भागते. हळू मुद्रित केलेले जुने संगीत ऐकणारास, अथवा प्लेनर जातीचा, शक्ती फार खाणारा हेडफोन असणारास, अधिक जोरदार आणि स्वतःची बॅटरी असलेले यंत्र लागेल. मात्र ती बॅटरी काही वर्षांनी थकते हेही हिशेबात धरावे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या स्वतःच्या अवरोधाची. तो हेडफोनच्या अवरोधाच्या अष्टमांशाहून अधिक नसावा. म्हणजे ३२ ओहमसाठी चार, १६ ओहमसाठी दोन. कानात बसणाऱ्या अनेक इअरफोनांचा अवरोध उंच-नीच स्वरांना बदलतो, आणि यंत्राचा अवरोध मोठा असला की गायकाच्या आवाजाचा पोतच बदलून जातो. स्फटिक-रेडिओवाल्यांचा मेळाचा धडा तो हाच. तिसरी गोष्ट शांततेची. संवेदनशील इअरफोन लावून, काही न वाजविता, कान द्यावा. सळसळ ऐकू आली तर ते यंत्र कितीही नामांकित असो, आपल्या कामाचे नाही. चौथी, फसगतीची. यूएसबीला लावावयाचे काही जोड केवळ तारेचे असतात, त्यांत परिवर्तकच नसतो. अनेक मोबाइलांवर ते मुके राहतात. आणि पाचवी, स्वतःच्या कानाची. फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज मोठा होताच खर्जाचे स्वर कानाला भरदार वाटू लागतात. तेव्हा दुकानात दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा; नाही तर जे मोठ्याने वाजते तेच चांगले वाटून माणूस घरी घेऊन येतो.

आता अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांकडे येऊ. त्या काळच्या विद्युत्-मुद्रणात उंच स्वर पाच-सहा हजार कंपनांच्या आसपासच संपत, आणि लाखेच्या तबकडीची खरखर सोबत असेच. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापात हे सारे तीनदा मावेल. जुन्या तबकड्यांचा पुनरुद्धार करणाऱ्यास अधिक बारीक मापांचा उपयोग होतो, ऐकणाऱ्यास नाही. किंमती यंत्राने खाँसाहेबांचा षड्ज अधिक लागलेला ऐकू येईल अशी आशा कोणी धरू नये. तो लागलेलाच आहे. जे मुद्रणात नाही ते परिवर्तक निर्माण करीत नाही. काळजीपूर्वक केलेले हस्तांतर मिळविणे, आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनावर घालणे, हा ह्या बाबतीतला शहाणा खर्च होय. परिवर्तकाचे आणि अँप्लिफायरचे कोडे सुटले आहे. आकड्यांवर विकल्या जाणाऱ्या यंत्रांत पुष्कळदा तेच सुटलेले कोडे पुन्हा विकले जाते. हेडफोनचे कोडे अजून सुटलेले नाही, कारण प्रत्येकाचा कान वेगळा.

कानाविषयी एक गोष्ट मात्र अगत्याने सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढाने आठवड्यात ४० तास ऐकावे ते ८० डेसिबेलपर्यंत. दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. ८९ ला पाच तास उरतात, आणि १०१ ला जेमतेम १९ मिनिटे. वर सांगितलेले स्वस्त यंत्रदेखील ह्या मर्यादेपलीकडे सहज जाते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. दिवसभर कचेरीत परक्या भाषेत बोलून थकलेला माणूस रात्री आपल्या भाषेतले गाणे कानाशी धरतो, तेव्हा त्याचा हात नकळत आवाज वाढविण्याकडे जातो. श्रवणशक्ती गेली म्हणजे ती कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. यंत्र जोरदार घेण्यापेक्षा खोली शांत करणे, अथवा बाहेरचा गोंगाट अडविणारा हेडफोन घेणे, केव्हाही हितावह.

शेवटी पहिल्या वॉकमनची एक हकीकत. सोनीचे आकिओ मोरिता ह्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की ते यंत्र घरी आणून एकटेच ऐकत बसले असता पत्नीला आपण वगळले गेल्यासारखे वाटले. विक्रीस आलेल्या वॉकमनला म्हणून दोन हेडफोनांची दोन सॉकेटे होती, आणि गाणे क्षणभर दबवून एकमेकांशी बोलण्यासाठी एक नारिंगी बटणही होते. पुढे ते बटण गेले, दुसरे सॉकेटही गेले. आजच्या महागड्या यंत्रांवर पुन्हा दोन सॉकेटे दिसतात, एक साडेतीन मिलिमीटरचे आणि एक ४.४ चे, परंतु दुसरे असते ते अधिक व्होल्ट मिळावेत म्हणून. आपले गाणे परमुलखात एकट्याने ऐकण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांनी यंत्राबरोबर एका सॉकेटाची दोन करणारा साधा जोडही घ्यावा. सारख्याच जातीचे दोन इअरफोन असले तर यंत्राला तेवढा भार सहज झेपतो; आणि घरात दुसरे कोणी ऐकणारे असेल, तर त्यालाही ते गाणे ऐकता येते.